नैराश्य आणि मालिश: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर होती: मालिशीने नैराश्य कमी होते का? त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्नांचा गाभा तोच ठेवला आहे.

प्रश्न: माझे यजमान ४६ वर्षांचे असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. दिवाळीपासून ते गप्प गप्प असतात. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, जेवणावर वासना नाही, सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठत नाहीत आणि मान व पाठ सतत दुखते, असे म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या सुरू केल्या, त्याला तीन आठवडे झाले. आता आमचे एक नातेवाईक आग्रह धरून बसले आहेत की, या गोळ्यांची सवय लागते, त्या सोडा आणि गंगापूर रोडवरच्या एका केंद्रात एकवीस दिवसांचे मालिशीचे पॅकेज घ्या. मालिशीने नैराश्य खरोखर कमी होते का? गोळ्या बंद कराव्यात का? आणि एवढा खर्च झेपणार नसेल, तर घरी मीच तेल लावून दिले तर चालेल का?
— एक भगिनी, सातपूर

उत्तर: ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लांबणीवर टाकता येणार नाही. गोळ्या बंद करू नका. नैराश्यावरील बहुतेक औषधांचा गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. यजमान आता नेमके अशा टप्प्यावर आहेत की, सुरुवातीची मळमळ आणि तोंडाची कोरड सोसून झाली आहे आणि गुण येऊ घातला आहे. गोळ्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता, चिडचिड, झोपमोड असा त्रास होऊ शकतो आणि तो पाहून घरचे म्हणतात, ‘बघा, सवय लागलीच होती.’ हे व्यसन नव्हे. या औषधांची ओढ लागत नाही आणि मात्रा वाढवत न्यावीशीही वाटत नाही. शरीर त्यांना सरावलेले असते, म्हणून ती थांबवायची वेळ येते तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असतात, इतकेच. बरे वाटू लागल्यावरही सहसा किमान सहा महिने ती चालू ठेवावी लागतात, कारण लवकर सोडल्यास आजार उलटण्याची भीती वाढते.

आता मालिशीविषयी. तिने फरक पडतो, असे म्हणायला आधार आहे. ख्रिस्तोफर मॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा त्यांना असे आढळले की, एका बैठकीने त्या वेळची धास्ती, रक्तदाब आणि नाडीचा वेग कमी होतो. मात्र नैराश्य उतरते ते अनेक बैठका नियमाने झाल्यावर, आणि तो उतार बोलून केल्या जाणाऱ्या मानसोपचाराने येणाऱ्या उताराच्या जवळपास जातो. २०१० मध्ये तैवानमधील संशोधकांनी १७ चाचण्या आणि ७८६ व्यक्ती यांचा एकत्रित आढावा घेतला, त्याचाही कौल याच बाजूने पडला. परंतु २००८ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासकांनी नैराश्यावरील उपचार म्हणून मालिशीची कसोशीने तपासणी केली, तेव्हा त्यांच्या निकषांना उतरणाऱ्या चाचण्या अवघ्या चार निघाल्या आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ही अडचण सहजी सुटणारी नाही. गोळीच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि साखरेची कोणाला, हे रुग्णापासून लपवता येते. पाठीवर फिरणारा हात कोणापासून लपवणार? म्हणून मी मालिशीकडे औषधोपचाराची आणि समुपदेशनाची जोड म्हणून पाहते, त्यांची जागा घेणारी गोष्ट म्हणून नव्हे.

ती काम कशी करते, याबद्दल जाहिरातींत जे छापलेले असते त्यावर भिस्त ठेवू नका. मालिशीने कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सरासरी ३१ टक्क्यांनी घटते, हा आकडा २००५ च्या एका लेखातून आला आणि तेव्हापासून तो सगळीकडे फिरतो आहे. पुढे २०११ मध्ये मॉयर यांनीच या दाव्याची कसून फेरतपासणी केली, तेव्हा कॉर्टिसॉलमधला बदल अगदी किरकोळ, बऱ्याचदा नसल्यातच जमा, असे निघाले. अधिक भरवशाचे स्पष्टीकरण त्वचेत आहे. आपल्या पाठीच्या, दंडाच्या, हाताच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेत काही अतिशय बारीक मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ गतीने फिरणाऱ्या उबदार हाताला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि त्यांचा निरोप मेंदूच्या इन्सुला या भागाकडे जातो, जिथे शरीराच्या आतल्या जाणिवा आणि भावना यांची सांगड घातली जाते. याशिवाय मध्यम जोराच्या दाबाने हृदयाची गती मंदावते आणि शरीर विश्रांतीकडे वळते. आखडलेले स्नायू मोकळे झाले की, झोपेला वाट मिळते. आणि ज्याला दिवसभर ‘काय झालंय तुला?’ या प्रश्नाला सामोरे जावे लागते, त्याला अर्धा तास काहीही न बोलता, काहीही सिद्ध न करता कोणाच्या तरी काळजीत राहता येते. हा शेवटचा भाग मोजता येत नाही. पण माझ्या मते तोच फार मोठा आहे.

यजमानांची मानदुखी-पाठदुखी वेगळा आजार समजू नका. १४ देशांतील १,१४६ नैराश्यग्रस्त रुग्णांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या केंद्रांत आपले बंगळुरूही होते. डॉक्टरांकडे येण्याचे कारण म्हणून त्यांतील ६९ टक्के रुग्णांनी फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. आपल्याकडे हे घरोघरी दिसते: माणूस ‘मन उदास आहे’ म्हणत नाही, ‘अंग मोडून आलंय, डोकं जड आहे’ म्हणतो, आणि मग महिनोन्‌महिने बाम चोळण्यात जातात. आपण वेळीच तज्ज्ञांकडे गेलात, हे फार चांगले केलेत.

घरी आपण मालिश करून दिलीत तर अवश्य चालेल. मायामी विद्यापीठात १९९२ मध्ये स्पर्शसंशोधनाची संस्था काढणाऱ्या टिफनी फील्ड यांनी नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांवर एक अभ्यास केला होता. त्यात मालिश करणारे हात कोणा व्यावसायिकाचे नव्हते. घरच्या जवळच्या व्यक्तीने, बहुधा जोडीदाराने, आठवड्यातून दोनदा २० मिनिटे मालिश करायची आणि हे १६ आठवडे चालवायचे, असा तो क्रम होता, आणि त्या स्त्रियांच्या मनःस्थितीत सुधारणा दिसली. ओळीने एकवीस दिवस खर्च करून बाविसाव्या दिवशी सारे थांबण्यापेक्षा, आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी तीन-चार महिने घरीच हे होत राहिले, तर त्यापासून अधिक अपेक्षा ठेवता येईल.

पद्धत साधी ठेवा. तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा आणि आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहा. पंखा बारीक करा, टीव्ही बंद करा. ते पालथे झोपोत किंवा खुर्चीवर उलटे बसून तिच्या पाठीवर हात टेकवोत, जसे सोयीचे असेल तसे. सुरुवातीला दोन्ही तळवे खांद्यांच्या मधोमध नुसते ठेवा आणि त्यांचे काही श्वास होऊ द्या. मग मानेपासून कमरेपर्यंत हात इतका सावकाश न्या की, एका फेरीला दहा-बारा सेकंद लागावेत. आपल्याला ते फार हळू वाटेल, पण तीच गती हवी. पाठ जरा सैल पडली की, मणक्यांवर नव्हे तर मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी तळव्याच्या टाचेने मध्यम दाब द्या, खांद्याच्या गाठीवर थांबा, दुखेल इतका जोर लावू नका. ‘जोर बरा आहे ना?’ एवढेच विचारा. कर्जाचा हप्ता, मुलांची फी, कारखान्यातले वातावरण हे विषय त्या अर्ध्या तासात काढू नका. त्यांना रडू आले तर हात तसाच ठेवा आणि समजावायची घाई करू नका. एखाद्या दिवशी ते ‘आज नको’ म्हणाले, तर त्यावर वाद नको.

काही खबरदारी मात्र घ्या. नैराश्यावरील काही औषधांनी झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की, रक्तदाब उतरून घेरी येते, म्हणून मालिशीनंतर कुशीवर वळून, दोन मिनिटे बसून मगच उठू द्या. काही गोळ्यांनी कातडीखाली रक्त साकळण्याचे प्रमाणही थोडे वाढते. काळे-निळे डाग दिसले तर जोर कमी करा आणि डॉक्टरांना सांगा. ताप, त्वचेवर जखम किंवा पुरळ असेल तर मालिश टाळा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर तिला हात न लावता त्याच दिवशी तपासून घ्या, कारण तिथे रक्ताची गुठळी असू शकते.

केंद्रातच जायचे ठरले, तर जाण्याआधी चौकशी करा. चालू औषधांची माहिती विचारून घेतात का? तपासायला वैद्य असतात का? अभ्यंग आपल्या परंपरेतलाच आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येत तो रोज सांगितला आहे आणि त्याच्या फायद्यांत चांगली झोपही मोजली आहे. आपल्या पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, शहरात शिकलेले वैद्यही पुष्कळ आहेत. तेव्हा अशिक्षित हाती जाण्याचे कारण नाही. मालिशीनंतर वाफेच्या पेटीत बसवत असतील, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: ज्यांना लिथियम हे औषध चालू आहे, त्यांच्या शरीरातील पाणी घामावाटे कमी झाले की, त्या औषधाची रक्तातील पातळी धोकादायक वाढू शकते. आणि जिथे ‘आधी मानसोपचाराच्या गोळ्या सोडा, मग आमच्याकडे या’ असे सांगतात, तिथे पैसे भरू नका.

प्रश्न: माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सिझेरियन झाले, त्याला सहा आठवडे होत आले. रोज सकाळी मालिशवाल्या मावशी बाळाला आणि तिला तेल लावायला येतात. पहिले काही दिवस ठीक गेले, पण आता ती ‘मला हात लावू नका’ म्हणते, दार लावून घेते, कारण नसताना रडते आणि ‘मला बाळाचं काही जमत नाही’ असे पुन:पुन्हा म्हणते. शेजारच्या बायका म्हणतात, तेल-शेक सोडला तर अंगात वारे शिरेल. मी काय करावे?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर: बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, मन हळवे होणे हे बहुतेक जणींना होते आणि ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. सहा आठवड्यांनंतरही रडू, माघार आणि ‘मला जमत नाही’ हा घोष चालूच असेल, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. त्यासाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात, जी एडिंबराच्या नावाने ओळखली जाते आणि १९८७ पासून जगभर वापरात आहे. प्रसूतितज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ ती काही मिनिटांत भरून घेतात, आणि तिच्या दहाव्या प्रश्नात स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे थेट विचारलेले असते. असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. आपणही तिला प्रेमाने आणि स्पष्ट विचारू शकता. औषध लागलेच, तर अंगावर पाजताना चालणारी औषधे आहेत, त्यामुळे ‘दूध तोडावे लागेल’ या भीतीने डॉक्टरांकडे जाणे टाळू नका.

मालिशीचे म्हणाल, तर तिच्या ‘नको’चा मान ठेवा. टाके ओढत असतील, रात्रभर झोप नसेल, आणि सकाळी कोणीतरी येऊन न विचारता कपडे बाजूला करून जोरात रगडत असेल, तर त्या स्पर्शात विसावा कुठून येणार? मावशी मनापासून करत असतील. पण वेळ, जोर, शरीराचा कोणता भाग आणि कोणाचे हात हे बाळंतिणीने ठरवावे. पोटावर आणि टाक्यांच्या जागेवर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मालिश करू नये. काही दिवस फक्त पाय आणि खांदे, तेही आपल्या हातांनी, करून पाहा. तेवढेही नको असेल तर तो तास तिला झोपू द्या. या अवस्थेत झोप ही मालिशीपेक्षा मोठी गरज आहे. तेल चुकल्याने अंगात वारे शिरत नाही, हे शेजारच्या बायकांना सांगायचे काम आपण स्वतःवर घ्या, तिच्यावर टाकू नका.

बाळाची मालिश मात्र तिच्या हातात देण्याचा विचार जरूर करा. लंडनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात नैराश्य असलेल्या मातांना आठवड्याला एक याप्रमाणे पाच वर्गांत बाळाला मालिश करायला शिकवले गेले; त्या मातांचे बाळाशी असलेले वागणे, म्हणजे त्याच्याकडे पाहणे, त्याच्या हालचालींना प्रतिसाद देणे, लक्षणीय सुधारले आणि त्यांचे नैराश्यही उतरले. आपल्याकडे उलट घडते: बाळाला मावशी पायांवर घेतात, आई बाजूला पाहत बसते आणि ‘मला काही येत नाही’ ही तिची समजूत पक्की होत जाते. मावशींनाच विनंती करा की, त्यांनी शेजारी बसून दाखवावे आणि मुलीने बाळाच्या पायांना, पोटऱ्यांना स्वतः तेल लावावे. पाच मिनिटे पुरेत. बाळ रडले तर तिच्या हातून बाळ काढून घेऊ नका, थांबा आणि पुन्हा करू द्या.

मुलीला झोपच लागत नसेल, ती असंबद्ध बोलत असेल, घरच्यांवर संशय घेत असेल किंवा बाळाबद्दल विचित्र कल्पना बोलून दाखवत असेल, तर वाट पाहू नका, तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न: आम्ही निफाड तालुक्यात द्राक्षाची शेती करतो. आई गेल्या वर्षी वारली आणि यंदा अवकाळीने बाग गेली. वडील ६८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. ते बागेत जात नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, ‘आता कशाला जगायचं’ असे एक-दोनदा म्हणाले. पूर्वी आई त्यांच्या तळपायाला काशाची वाटी घासून द्यायची. मी पाय दाबतो म्हटले तर पाय आखडून घेतात. काय करू?
— एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर: दादा, ‘आता कशाला जगायचं’ हे वाक्य बोलण्याच्या ओघात आले असेल, असे धरून चालू नका. फवारणीची औषधे आजच कुलूपबंद करा आणि किल्ली आपल्याकडे ठेवा, वडिलांना काही दिवस एकटे राहू देऊ नका, आणि मरणाचे विचार येतात का, हे त्यांना सरळ विचारा. टेली-मानस या शासनाच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून अहोरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातूनही उपचार मिळतात. हे आधी, पाय दाबणे त्यानंतर.

ते पाय आखडून घेतात, त्याचा राग मानू नका. ज्या हातांनी ती वाटी फिरायची ते हात आता नाहीत, आणि मुलाकडून सेवा करून घेण्याचा संकोच आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना असतोच. पायांचा आग्रह सोडा आणि दुसरी जागा शोधा: शेजारी बसताना खांद्यावर हात ठेवा, चहा देताना हातावर क्षणभर हात राहू द्या, नातवंड असेल तर त्याला आजोबांच्या डोक्याला तेल चोळू द्या. पुढे त्यांनी आपणहून पाय पुढे केले, तर वाटीआधी पाऊल नीट पाहा. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. भेग, फोड, जखम त्यांना जाणवत नाही आणि तेल किती गरम आहे हेही कळत नाही. जखम असेल तर वाटी नको, आणि तूप-तेल कोमटच ठेवा. आईची आठवण निघाली तर विषय बदलू नका.

प्रश्न: मी स्पर्धा परीक्षेची तयारी करत असून कॉलेज रोडजवळ खोली घेऊन एकटी राहते. सध्या फार निराश वाटते. स्वतःच स्वतःला मालिश करून फायदा होतो का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर: थोडा होतो. झोपण्यापूर्वी मान, खांदे आणि तळपाय यांना दहा मिनिटे तेल लावल्याने शरीर सैल पडते आणि झोपेला मदत होते. परंतु मी वर उल्लेखलेले अभ्यास दुसऱ्या व्यक्तीने केलेल्या मालिशीचे आहेत, त्यामुळे त्यातला सगळा गुण स्वतःच्या हातात येईल असे समजू नका. नियमित चालण्याचा व्यायाम हा सौम्य नैराश्यात स्व-मालिशीपेक्षा जास्त भक्कम आधारावर उभा असलेला उपाय आहे. सकाळी गोदाकाठी किंवा जॉगिंग ट्रॅकवर, शक्यतो मैत्रिणीबरोबर, अर्धा तास चाला. ही निराशा सलग दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकली असेल आणि अभ्यास, झोप, जेवण यांवर तिचा परिणाम होत असेल, तर परीक्षेची तारीख होऊन जाण्याची वाट न पाहता तज्ज्ञांना भेटा, आणि तोवर वर दिलेल्या १४४१६ या क्रमांकावर आज रात्रीही बोलता येईल. घरी आईवडिलांना कळवायला संकोच वाटत असेल, तर पहिल्या भेटीला कोणाला तरी सोबत न्या. एखादी मैत्रीणही चालेल.